एक नंबरच्या खोलीतला भुसा

१

मेलेल्या कोंबडीशी माझं चांगलं जमतं. ती खोटं बोलत नाही आणि चहा कुठे मिळेल असं विचारत नाही. तीस वर्षं मी या संशोधन केंद्रात कोंबड्यांची शवविच्छेदनं करतेय, त्यामुळे इथे मला कात्रीबाई म्हणतात. माझं खरं नाव बहुतेक पगाराच्या कागदावरच उरलंय.

शनिवारी सकाळी सव्वासातला शेडवरच्या काकांनी माझ्या टेबलावर पाट्या आणून ठेवल्या. ओल्या गोणपाटाखाली पांढरी पिसं आणि त्यावर रक्ताचे डाग.

"एक नंबरच्या खोलीतल्या आहेत," काका म्हणाले.

खरं तर पक्षी कुठल्या खोलीतला, कुठल्या चाचणीतला हे मला सांगायचं नसतं. मी पायातल्या कड्यावरचा नंबर बघायचा, पोट उघडायचं, दिसेल ते लिहायचं. माहीत असलं की माणूस हवं ते बघतो, म्हणून हा नियम. काकांनी तो आजवर कधी मोडला नव्हता.

"दोन नंबरच्या म्हणायचंय तुम्हाला," मी म्हटलं.

"दोनमध्ये एकोणीस गेल्या. त्या जाणारच होत्या. या एक नंबरच्या. सतरा."

माझ्या हातातली कात्री खाली आली. दोन्ही खोल्यांत चाळीस-चाळीस पिल्लं होती. एक नंबरला पहिल्याच दिवशी लस पाजलेली, दोन नंबरला काहीच नाही. सोमवारी, म्हणजे बाविसाव्या दिवशी, दोन्हीकडे जहाल कॉक्सी पाजली. कॉक्सी म्हणजे कोंबडीच्या आतड्यात घर करणारा बारीक परजीवी. तो आतडं आतून फोडतो आणि रक्ती हगवणीने पक्षी आडवे होतात. लस दिलेल्या खोलीत एकही पिल्लू मरायला नको होतं.

ही लस माझ्या भाचीची. चार वर्षं ती हिच्यामागे लागली होती आणि आधीच्या तिन्ही चाचण्या उत्तम झाल्या होत्या.

मी पहिलं पिल्लू उघडलं. कोंबडीला दोन आंधळी आतडी असतात, एका टोकाला बंद. दोन्ही रक्ताने टम्म फुगली होती. तेवढ्यात दारात मोठे साहेब उभे राहिले. त्यांच्या हातात लसीच्या बाटल्यांचं रिकामं खोकं होतं आणि खोक्यावर बोटभर बर्फ.

"बाई, तुमची मेहनत वाचली," ते म्हणाले. "हे फ्रीजरमध्ये सापडलं. ही लस गोठली की मरते. शीतगृहातून शेडपर्यंत ती कोणी आणली होती?"

काकांकडे कोणी बघितलं नाही, पण सगळ्यांना कळलं.

२

मोठ्या साहेबांचं म्हणणं अगदी सोपं होतं. काकांनी लस फ्रीजरमध्ये ठेवली, लस मेली, म्हणून पिल्लं मेली. तेव्हा ही चाचणी धरायचीच नाही. लस मुळात उत्तम, आधीच्या तीन चाचण्यांच्या जोरावर ती पुढच्या महिन्यात बाहेरच्या शेडांवर जाईल. आणि एवढा निष्काळजी माणूस इथे नको. चार वाजता बैठक, चार वाजता काकांच्या हातात पत्र.

"मी गोठवली नाही," काका एवढंच म्हणाले आणि पाट्या धुवायला गेले.

मला जे काही येतं त्यातलं पहिलं काकांनी शिकवलं. नवी होते तेव्हा मला कोंबडी धरता येत नव्हती. त्यांनी माझा हात धरून तिच्या छातीखाली ठेवला आणि म्हणाले, दाबायचं नाही, नुसता आधार द्यायचा. साठीला टेकलेल्या त्या माणसाला खोक्यावरच्या बर्फापायी घरी बसवायचं? माझं डोकंच फिरलं.

"चारपर्यंत मला बघू द्या," मी साहेबांना म्हटलं.

"काय बघणार?"

"शी."

साहेबांनी तोंड वाकडं केलं. पण माझ्या खोलीतला फ्रीज काही विनोद नव्हता. दर शनिवारी प्रत्येक खोलीतली विष्ठा नळीत भरून, तारीख लावून माझ्याकडे येते. एक नंबरच्या तीन नळ्या काढून मी सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या.

पहिल्या आठवड्याची नळी कॉक्सीच्या अंड्यांनी गच्च भरलेली होती. म्हणजे लस जिवंत होती, आतड्यात रुजली होती आणि व्यवस्थित बाहेर पडत होती. मेलेली लस अंडी घालत नाही. काका सुटले!

मग दुसरी नळी. तिच्यात अंडी शोधावी लागली. तिसऱ्या नळीत, पाऊण तास डोळे फोडून, फक्त चार.

ही लस एका घोटात काम करत नाही. तो घोट म्हणजे नुसता पहिला धडा. पिल्लाच्या शीतून अंडी खालच्या भुशात पडतात, ओलसर भुशात दोन दिवस पिकतात, पिल्लू भुसा टोचतं आणि तीच अंडी पुन्हा पोटात जातात. हा दुसरा धडा. मग तिसरा. अशी उजळणी झाली तरच आतडं शत्रूला ओळखायला शिकतं. एक नंबरच्या पिल्लांचा पहिला धडा झाला होता. पुढचं पुस्तकच कोणीतरी त्यांच्या पायाखालून काढून घेतलं होतं.

३

शेडमागे एक खड्डा आहे. चाचणी संपली की खोलीतला भुसा त्यात टाकतात. ही चाचणी संपली नव्हती, तेव्हा या पिल्लांचा भुसा त्यात असायचं कारण नव्हतं. आणि या वयाची दुसरी पिल्लं सध्या आख्ख्या केंद्रात नव्हती.

मी काठीने खड्डा उकरला. वरती दोन आठवड्यांचा पालापाचोळा, फाटकी पोती. त्याखाली भुशाचा एक थर, त्यात पिसांच्या पांढऱ्या सोलपटांचा चुरा. दोन आठवड्यांच्या पिल्लाला खरी पिसं फुटायला लागली की अशी सोलपटं गळतात. अजून खाली पुन्हा पोती, आणि मग भुशाचा दुसरा थर. त्यात पिवळी मऊ लव. अंड्यातून आलेलं पिल्लू जी लव लेवून येतं ती पहिल्या आठवड्यात झडायला लागते.

दोनच थर होते. सातव्या दिवसाच्या आसपास एक, चौदाव्याच्या आसपास एक, आणि हे दोन्ही दिवस रविवार. अंडी भुशात पडली आणि पिकायच्या आत भुसा गायब.

 स्वच्छतेचं वेड असलेला माणूस रोज झाडतो, आळशी माणूस झाडतच नाही. नेमक्या दोन दिवशी झाडणाऱ्याला कॉक्सीचं घड्याळ पाठ असलं पाहिजे.

काका नळाशी फावडं धूत होते. धुऊन झाल्यावर त्यांनी ते खुंटीवर पातं वर करून टांगलं, पाणी निथळून दांडा कुजू नये म्हणून. तीस वर्षं ते असंच टांगतायत.

"काका, एक नंबरचा भुसा तुम्ही बदललात?"

"हात नाही लावला."

"मग सोमवारी सकाळी आलात तेव्हा नवा भुसा दिसला नाही तुम्हाला?"

काकांनी नळ बंद केला. मग परत सोडला.

"दिसला."

"दोन्ही सोमवारी?"

"दोन्ही."

"आणि बोलला नाहीत?"

"कोणी विचारलं नाही."

"काका, चार वाजता तुमच्या हातात पत्र पडणार आहे! रविवारी इथे कोण आलं होतं?"

"रविवारी माझी सुट्टी असते," ते म्हणाले. "कात्रीबाई, एक सांगू? हे उकरू नका. माझं काय, आज नाही तर दोन वर्षांनी घरी जायचंच आहे."

आयुष्यात पहिल्यांदा काका माझ्याकडे न बघता बोलत होते.

४

रविवारी दाणापाणी करायची पाळी शास्त्रज्ञांची. वहीत दोन्ही रविवारी एकच सही होती, धाकट्या साहेबांची. त्यांना आम्ही पावडरसाहेब म्हणतो, कारण आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंची एक पावडर करून ते ती सगळ्या केंद्राला खपवत फिरतात. माझ्या भाचीची लस पडली तर त्यांच्या पावडरीला रान मोकळं. कॉक्सीचं घड्याळ त्यांना पाठ. मला तर ते आवडतही नाहीत. सगळं इतकं छान जुळत होतं की मला तिथेच शंका यायला हवी होती.

ते कॉम्प्युटरवर आलेख रंगवत बसले होते.

"दोन्ही रविवारी तुम्ही होतात?"

"सही दिसतेय ना."

"एक नंबरमध्ये आत गेलात?"

"म्हणजे काय! दाणा टाकला, पाणी बदललं, पिल्लं मोजली."

"दुसऱ्या रविवारी आत काही वेगळं वाटलं?"

"वेगळं काय वाटणार? चौदा दिवसांचा भुसा तो. अमोनियाने डोळे झोंबले. मी काकांना सांगणारच होतो की खिडकी..." ते थांबले. "का?"

मी खुर्ची ओढून बसले. "साहेब, त्या सकाळी आत सातच दिवसांचा भुसा होता. आणि दुपारी तर कोराच. त्यात अमोनिया नसतो, लाकडाचा वास येतो. तुम्ही खोलीत पाऊलही टाकलं नाहीत. चौदा दिवसांचा भुसा कसा असतो हे तुम्हाला पुस्तकातनं माहीत आहे, ते मला वाचून दाखवलंत."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला मजा आली, कबूल करते.

"मुलीच्या पोहण्याच्या स्पर्धा होत्या," ते हळूच म्हणाले. "दोन रविवार. सही सोमवारी केली. कळलं तर माझी वाट लागेल, बाई."

"मग पिल्लांना उपाशी ठेवलंत?"

"छे! मी कोणाला तरी सांगून गेलो होतो. तीच म्हणाली, जा तुम्ही, मी बघते."

"ती कोण?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत चक्क कीव होती.

"बाई, चिमीच की. तुमची भाची."

५

चिमी हे नाव काकांनी ठेवलेलं. बहीण गेल्यावर ती माझ्याकडे आली तेव्हा पाच वर्षांची होती. शाळा सुटली की ती थेट शेडवर यायची. काका तिला कडेवर घेऊन काचेतून पिल्लं दाखवायचे. पुढे तिच्या उंचीचं छोटं फावडंही त्यांनी करून दिलं होतं.

साडेतीन वाजता मी तिच्या खोलीत गेले. ती काहीच करत नव्हती. सकाळपासून तिने मला एकदाही विचारलं नव्हतं की हे कोणी केलं असेल. आपल्या चार वर्षांच्या कामावर नांगर फिरलेली पोरगी आकांत करते, अशी गप्प बसत नाही. हे मला सकाळीच दिसायला हवं होतं.

"खड्ड्यात दोन थर आहेत," मी म्हटलं.

"हो."

"सतरा पिल्लं, चिमे! तुझ्या हाताने लस पाजलेली. सतरा!"

"मोजलीत मी."

मी तिच्यावर ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही. ती ऐकून घेत राहिली, मग उठून तिने कपाटातून तीन वह्या काढल्या आणि माझ्यासमोर शेजारी शेजारी उघडून ठेवल्या. आधीच्या तीन चाचण्यांच्या वह्या, माझे कागद नंतर नंबरांप्रमाणे लावून बांधलेल्या. अक्षर माझं. प्रत्येक चाचणीत सातव्या दिवशी वीस पिल्लं माझ्याकडे यायची. तेव्हा त्यांच्या पोटात लसीशिवाय दुसरं काही गेलेलं नसायचं.

"वाच, मावशी."

पहिल्या वहीत दोन पिल्लांच्या पुढे मी लिहिलं होतं, आंधळ्या आतड्यात रक्ताचे ठिपके, किरकोळ. दुसऱ्या वहीत पाच पिल्लांपुढे तेच. तिसऱ्या वहीत अकरा.

"प्रत्येक वेळची लस आधीच्या चाचणीतल्या विष्ठेतून वाढवलेली," ती म्हणाली. "एका कळपातून दुसऱ्या कळपात जाताना ती परत जहाल होतेय. दोन, पाच, अकरा. बाहेर गेली की भुशाभुशातून किती कळपांतून फिरेल, सांग. तेव्हा सतरावर थांबणार नाही."

"साहेबांना सांगितलंस?"

"तीनदा. ते म्हणाले, कात्रीबाईंनी किरकोळ लिहिलंय, त्यांच्या डोळ्यांपेक्षा तुझे डोळे मोठे आहेत का?"

मी तिसरी वही जवळ ओढली. मी एकेक पिल्लू बघत होते, कुठल्या चाचणीतलं ते ठाऊक नसताना. तीन वर्षांत त्या वह्या शेजारी ठेवून बघायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. नियम पाळला म्हणून मी स्वतःवर खूश होते.

"माझ्याकडे का नाही आलीस?"

"आले होते. तू म्हणालीस, हाताळताना एखादी शीर फुटते, घाबरू नकोस."

म्हणाले होते. कढईत फोडणी घालता घालता म्हणाले होते, मागे वळूनही न बघता.

"मला वाटलं, शेवटची चाचणीच पडली तर लस आपोआप थांबेल," चिमी म्हणाली.  "काकांचं नाव येईल असं स्वप्नातसुद्धा नव्हतं, मावशी. ते खोकं रिकामं झाल्यावर मीच फ्रीजरमध्ये टाकलं होतं, जागा नव्हती म्हणून. मी आत्ता जाऊन सगळं सांगते."

"तू सांगशील," मी वह्या उचलल्या, "पण आधी मी."

६

बैठकीच्या टेबलावर पत्र तयार होतं. काका दारापाशी, टोपी हातात घेऊन. पावडरसाहेब खिडकीशी, स्वतःचे बूट बघत.

मी नळ्यांपासून सुरुवात केली. पहिली नळी गच्च, म्हणजे लस जिवंत होती, म्हणजे बर्फाचा संबंध नाही. दुसरी, तिसरी जवळजवळ रिकामी, म्हणजे उजळणी तुटली. खड्ड्यात दोन थर, म्हणजे भुसा दोनदा काढला, नेमक्या दिवशी. तेव्हा काका घरी होते.

मोठ्या साहेबांनी पत्र उलटं करून ठेवलं. "मग घातपात झालाय! कोण?"

"मी," चिमी उभी राहिली.

साहेबांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग त्यांच्या डोळ्यांत चमक आली. मला ती ओळखीची होती.

"म्हणजे लसीत दोष नाहीच," ते म्हणाले. "हिने भुसा काढला नसता तर चाचणी पास होती. हिची चौकशी होईल, पण लस ठरल्याप्रमाणे जाईल. आधीच्या तिन्ही चाचण्यांवर कात्रीबाईंची सही आहे."

"आहे ना," मी म्हटलं.

मी तिन्ही वह्या टेबलावर पसरल्या. लाल पेन काढलं. पहिल्या वहीत दोनदा, दुसऱ्यात पाच वेळा, तिसऱ्यात अकरा वेळा, मी 'किरकोळ' या शब्दावर आडवी रेघ मारली आणि प्रत्येक रेघेखाली आजची तारीख घालून सही केली. अठरा सह्या झाल्या.

"बाई, हे तुमचंच अक्षर आहे," साहेब म्हणाले.

"म्हणूनच मला खोडता येतं. रक्ताचे ठिपके होते हे खरं. किरकोळ हे माझं मत होतं आणि ते चूक होतं. आतड्यांचे तुकडे बरण्यांमध्ये आहेत, बाहेरच्या कोणालाही बोलावून दाखवा. माझ्या सहीवर ही लस आता कुठेच जाणार नाही. आणि चौकशी दोघींची होऊ द्या."

पावडरसाहेब खिडकीपासून पुढे आले. "मी तुकडे बघितलेत," ते म्हणाले. "मागच्या महिन्यात, चिमीने दाखवले होते. मी गप्प बसलो. ती बरोबर सांगतेय." आणि मग, अगदी बारीक आवाजात, "रविवारच्या सह्याही खोट्या आहेत माझ्या."

साहेबांनी तिन्ही वह्या एकेक करून चाळल्या. शेवटी त्यांनी काकांचं पत्र फाडलं, लसीचं कपाट बंद करायला सांगितलं आणि चिमीला सोमवारपासून कामावर यायची मनाई केली. मला त्यांनी काहीच सांगितलं नाही. त्याचा मला जास्त त्रास झाला.

बाहेर आलो तेव्हा काका आमच्या पुढे चालत होते. नळापाशी थांबले.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"दोन्ही सोमवारी फावडं सुलटं टांगलेलं होतं," काका म्हणाले. "पातं खाली. सहा वर्षांची होती तेव्हापासून सांगतोय हिला, उलटं टांग. कधी ऐकलंय?"

चिमीने तोंडावर हात ठेवला आणि ती रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, आवाज न करता. "काका, तुमची नोकरी जात होती. का नाही बोललात?"

"तू विनाकारण काही करायची नाहीस, एवढं ठाऊक होतं. कारण काय ते नव्हतं ठाऊक." त्यांनी खुंटीवरून फावडं काढून तिच्या हातात दिलं. "सोमवारपासून ना बंदी? आज शनिवार आहे. एक नंबर रिकामी करायचीय. उरलेली तेवीस मी दुसरीकडे हलवतो, तू भुसा काढ. आणि झाल्यावर फावडं धू."

ती गेली. थोड्या वेळाने एक नंबरमधून जमिनीवर पातं घासल्याचा आवाज यायला लागला.

मी माझ्या खोलीत परतले. सोळा पिल्लं अजून ओल्या गोणपाटाखाली वाट बघत होती. मी दुसरं पिल्लू उघडलं, भिंग जवळ ओढलं आणि ठिपके एकेक करून मोजायला लागले.